टेनिसवाल्याची पोरगी

बाबा, तुमच्या कोपराला नेमकं काय झालं होतं ते मला आत्ता कुठे कळलं, आणि कळल्यापासून मी तुमच्यावर चिडून आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की माझे केस तुमच्याहून जास्त पांढरे झालेत, तरी चिडायला मला तुम्हीच सापडता, काय करू! आज रविवार आहे, दुपार. समोर चहा ठेवलाय आणि कप डाव्या हाताने उचलावा लागून राहिला. उजव्याने उचलला की कोपराच्या बाहेरच्या अंगाला जी हाडाची गाठ लागते ना, तिथून कळ निघते ती पार मनगटापर्यंत जाते. आणि उद्या माझी ट्रेड टेस्ट आहे. तुमच्याच फॅक्टरीत, तुमच्याच सेक्शनमध्ये, तुमच्या जागेवर अनुकंपेवर लागलेली तुमची पोरगी उद्या वरच्या ग्रेडसाठी लोखंड घासायची कानस चालवणार की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

तुम्हाला ते दूध आठवतं? मी सहावीत असेन. सकाळची वेळ, तुम्हाला पहिल्या भोंग्याआधी निघायचं आहे, आई पोळ्या लाटून राहिली आहे, आणि तुम्ही सांडशीने दुधाचं पातेलं उतरवता. उतरवता कसले, अर्ध्यात सोडताच! सगळं दूध ओट्यावरून खाली, आईच्या पायावर थेंब उडालेले. आई ओरडली, "अहो, धरता येत नाही तर हात काहून लावता?" तुम्ही फडकं घेऊन खाली बसलात आणि डाव्या हाताने फरशी पुसायला लागलात. मला तेव्हा वाटलं, बाबा आईला घाबरले. परवा माझ्या हातून चहाचं भांडं तसंच सांडशीतून सुटलं, तेव्हा समजलं की तुम्ही घाबरला होता ते स्वतःच्या हाताला. सांडशी दाबून धरायची आणि तशीच वर उचलायची, या दुखण्याला याहून वाईट काम नाही.

मग तुम्ही दवाखान्यात गेलात आणि तिथून ते नाव घेऊन आलात. टेनिस एल्बो. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुम्ही आईला सांगत होता की हे दुखणं आहे, हलकं काम द्या, असं फोरमनला सांगायला गेलो तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "टेनिस खेलते हो? तो छुट्टी भी क्लब से लो." त्याला खरंच वाटलं की ही खेळातली दुखापत आहे, ड्युटीवरची नाही. अख्खा सेक्शन हसला. सांगताना तुम्ही पण हसलात, आई हसली, आणि दुसऱ्या दिवशीपासून क्वार्टरांच्या लाइनीतला जो तो तुम्हाला टेनिसवाले बाबूजी म्हणायला लागला. मी तर आपल्या रांझीच्या शाळेत जाऊन ऐटीत सांगितलं की माझे बाबा टेनिस खेळतात. पोरी म्हणाल्या, रांझी में टेनिस? कहाँ? मी म्हटलं, फॅक्टरीच्या आत, तुम्हाला तिथे कोण जाऊ देणार! किती दिवस मी ते खरं धरून चालले होते. तुम्हाला मात्र त्या एका शब्दाने गार केलं. पुन्हा कधी तुम्ही दवाखान्यात गेला नाहीत, हलकं काम मागितलं नाही. डॉक्टरच्या चिट्ठीवर दुसरं कुठलं तरी जड, कुणाला न कळणारं नाव असतं ना, तर तुमचा हात वाचला असता असं मला वाटतं.

त्याऐवजी काय केलं, तर घमापूरच्या पहेलवानाकडे जाऊन नस बसवून घेतली. नस चढली म्हणे! दर रविवारी मला कॅरिअरवर बसवून तुम्ही तिकडे सायकल मारायचे. तो माणूस गरम तेलाचा हात फिरवायचा, अंगठ्याने ती गाठ रगडायचा आणि मग तुमचं मनगट धरून असा झटका द्यायचा की मी डोळे मिटून घ्यायची. तुम्ही म्हणायचे, "हां, बैठ गई, अब अच्छा है." आणि सोमवारी बेंचवर उभे राहून पुन्हा कानस. हसू नका, पण दुखणं नवीन होतं तेव्हा मीही त्याच गल्लीत जाऊन आले. पहेलवानाचा मुलगा बसतो आता तिथे. तेल तेच, झटकाही तोच. दोन दिवस मला वेणी घालता आली नाही.

आता ती गोष्ट, जिचा राग मी आजवर धरून बसले. तुम्ही फॅक्टरीतून सुटून आलात की मी तुमच्या हाताला लटकायची आणि तुम्ही मला तसंच झुलवत आत न्यायचे. त्या दिवशी तुम्ही सायकल लावली, मी धावत आले, उजव्या हाताला लोंबकळले, आणि तुम्ही मला झिडकारून टाकलं. मी अंगणात पडले, गुडघा फुटला. "हात लावू नको!" एवढं ओरडून तुम्ही आत गेलात. जवळ घेतलं नाही, समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी सदर बाजारातून टेनिसचा चेंडू आणलात, अंगणात टाकलात आणि म्हणालात, "घे, टेनिसवाल्याची पोरगी." चेंडू मी घेतला, गल्लीत त्याने पुष्कळ क्रिकेट खेळले, पण तुमच्या हाताला पुन्हा कधी लटकले नाही. मला वाटलं, मी मोठी झाले, जड झाले, नकोशी झाले. आणि आता दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून माझी नात आली, धावत येऊन याच हाताला लोंबकळली, आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला, बाबा! तोच, जसाच्या तसा. "हात लावू नको!" पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी तिला डाव्या हाताने ओढून मांडीवर घेतलं आणि सांगितलं, बेटा, मी नाही रागावले तुझ्यावर, हा हात रागावलाय. बस, एवढंच तर सांगायचं होतं. तुम्हाला काहून नाही जमलं?

त्यानंतर मी नीट इलाज सुरू केला. फिजिओथेरपीवाली मुलगी पुण्याची आहे, नवरा फौजेत, बदलीवर आलेले. मी "हात काम नाही करून राहिला" म्हटलं की तिला गंमत वाटते. पण काम जाणते. तिने माझा हात सरळ धरला, मूठ वळायला लावली, म्हणाली मनगट वर उचला, आणि वरून दाबलं. मी किंचाळले. ती म्हणाली, "काकू, ही सूज कमी, झीज जास्त आहे. मनगट उचलणारे स्नायू एका दोरीने या गाठीला बांधलेले असतात. मूठ आवळून तेच ते काम वर्षानुवर्षं केलं की दोरीचे धागे उसवतात. शरीर ते शिवायला घेतं, आणि तुम्ही सकाळी जाऊन पुन्हा उसवता." मी विचारलं, मग टेनिस कुठून आलं यात? ती हसली. "माझ्याकडे टेनिसवालं कुणी येत नाही हो. येतात त्या कपडे पिळणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, सुतार, रंगारी आणि तुम्ही फॅक्टरीवाले." मला एकदम भयंकर राग आला. एवढं सोपं होतं! त्या दिवशी सेक्शनमध्ये कुणी एवढंच सांगितलं असतं तर?

इलाज पण बघा कसा. हात टेबलावर ठेवायचा, पंजा काठाबाहेर, पालथा. त्या मुठीत पाण्याची बाटली. डाव्या हाताने ती वर न्यायची आणि उजव्याने अगदी हळू खाली सोडायची. थोडं दुखलं तर चालतं, जास्त दुखलं तर पाणी कमी करायचं. उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेवायचा, लोखंड पकडणाऱ्या व्हाइसची मूठ झटक्याने आवळायची नाही. महिने लागतात, कुणाला वर्षसुद्धा, पण बहुतेकांचं बरं होतं. मला महिने कुठले? कोपरात सुई मी पावसाळ्यात एकदा घेतली होती. जादूच झाली होती. दुखणं गायब, आणि मी दुप्पट काम ओढलं. मग परत आलं ते व्याजासकट. ही मुलगी म्हणते, सुईने दुखणं झाकलं जातं, दोरी शिवली जात नाही, आणि पुन्हा पुन्हा घेतली तर ती तुटूही शकते. पण उद्या टेस्ट आहे. लोखंडाचे दोन तुकडे घासून एकमेकांत असे बसवायचे की फटीतून उजेड दिसता कामा नये. तुमच्या टेस्टला तुम्ही तो तुकडा दुखत्या हाताने घासलात, पास झालात, सेक्शनमध्ये अजून सांगतात. त्यानंतर मात्र तुम्ही कानस धरली नाही. तुम्हाला अवजारं देण्याच्या खिडकीवर बसवलं आणि घरी तुम्ही सांगितलं, प्रमोशन झालं. मी पेढे वाटले होते, बाबा. आज संध्याकाळी दवाखाना उघडा आहे, सुईवाल्या डॉक्टरांना मी फोन करून ठेवलाय. ते म्हणाले, या, सुन्न करायचं औषधही घालतो, उद्याचा दिवस निघून जाईल. पुढची टेस्ट कधी होईल कुणास ठाऊक, तोवर मी रिटायर झालेली असेन. निघायला हवं.

आज बुधवार. कागद तसाच ठेवून गेले होते. दवाखान्यात गेले नाही. काही मोठा विचार करून नाही, चप्पल घालून दारात उभी होते, सुट्टी संपेपर्यंत इथेच असलेली नात आली आणि एका बोटाने माझ्या कोपराला हळूच शिवून विचारलं, "आजी, आज ये गुस्से में है क्या?" मी चप्पल काढली. रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या आणि सोमवारी टेस्टला गेलेच. तुकडा हातात आला, व्हाइसमध्ये लावला, मूठ आवळली, आणि अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधार. कानस उचलून दोन हात मारले. तिसऱ्याला कानस तिरकी गेली. मी कानस बेंचवर ठेवून दिली. आताच्या फोरमनने विचारलं, "क्या हुआ दीदी?" मी म्हटलं, "टेनिस एल्बो."

सगळे हसले. अगदी तसेच हसले, बाबा! मागून एक पोरगा बोलला, "दीदी, टेनिस कहाँ खेलती हो, रांझी में?" माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "इसी बेंच पे खेलती हूँ, भैया. मेरे बाप भी यहीं खेलते थे. तू भी यही खेल रहा है, रोज़." आणि मग जे जे मला सांगितलं गेलं होतं ते सगळं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, दोरी, धागे, झीज, सुई, सगळं. कुणी हसेना. मिलिंगच्या मशीनवर असतात ते, माझ्याच वयाचे, त्यांनी डाव्या हाताने आपलं उजवं कोपर चाचपलं आणि हळूच विचारलं, "दीदी, यहाँ दबाओ तो दुखता है क्या?" मी म्हटलं, हो, तिथेच. मग त्यांच्या बाजूच्याने दाबून पाहिलं. मग आणखी एकाने. जिथे बघावं तिथे माणसं आपापलं कोपर धरून उभी. फोरमन पाठ वळवून खिडकीकडे गेला, आणि मला नीट दिसलं, त्याचाही हात कोपरावर होता.

टेस्ट गेली. त्याच पोरग्याला ग्रेड मिळणार, आणि मला त्याचं फार वाईट वाटून राहिलं, खोटं काहून बोलू. मला तयार मालाच्या तपासणीच्या टेबलावर बसवलं आहे, कारण लिहून घेतलं आहे, ड्युटीवरचं म्हणून. जेवणाच्या सुट्टीत चार जण पाण्याच्या बाटल्या घेऊन माझ्यासमोर बसतात आणि मी त्यांना हळू, हळू म्हणून ओरडते.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून मनात आलं ते बोलले. एक तेवढं राहिलं. सेक्शनला मी नाव सांगितलं, कारण सांगितलं, इलाज सांगितला. फिजिओवालीने दुखणं किती विचारलं तर कमी करून सांगते. मुलीला फोनवर म्हणते, काही नाही गं, चलो, होईल बरं. कुणाला म्हटलं नाही ते तुम्हाला म्हणते. खूप दुखून राहिलं, बाबा.