हळदीच्या खोलीतला कलर प्रिंटर

१ जानेवारी, सकाळी ६.१०
नवीन वर्ष, नवीन डायरी. फौजेत सतरा वर्षं क्लार्क होतो, त्यामुळं लिहिण्याची शिस्त अंगात आहे. गेल्या वर्षीची डायरी चार जानेवारीला थांबली, पण तेव्हा पेन बरोबर नव्हतं.
संकल्प : रेश्माच्या धंद्याची सूत्रं हातात घेणे.
पलूसच्या या घरात मागच्या खोलीत आमची ही हळद दळते आणि पाकिटं भरते. माल एक नंबर, पण पाकिटावर नाव नाही, गाव नाही. १६ फेब्रुवारीला सांगलीत विश्रामबागला बचत गटांचं प्रदर्शन आहे. दोन वर्षं खेटे घालून तिला स्टॉल मिळालाय. तिथं एका मोठ्या दुकानाच्या मॅडम माल बघायला येणार. पसंत पडला तर वर्षभर त्यांच्याकडं, नाही तर पुन्हा पोत्यानं बाजारात. तीनशे लेबलं पाहिजेत.
मी म्हणालो, कलर प्रिंटर आणू, घरीच छापू. ही म्हणाली, "आवं, अमीरभाऊंकडनं नुसतं काळं छापून आणा. वर हळदीचं बोट लावू. पत्रिकंला लावतोय की आपण."
हसू आलं. ज्यानं सतरा वर्षं सह्या केल्या, त्याच्या घरचा माल अंगठा उठवून बाहेर जाणार?

४ जानेवारी
प्रिंटर निवड समिती स्थापन. अध्यक्ष मी, सदस्य मी. यूट्यूबवर अकरा व्हिडिओ बघितले. लेझर की इंक टँक? लेझरवाला म्हणतो, इंक टँकची शाई वाळते. इंक टँकवाला म्हणतो, लेझरचा टोनर परवडत नाही. दोघांचंही पटलं.

९ जानेवारी
एक्सेलमध्ये तक्ता सुरू. सतरा रकाने. आज रकान्यांना रंग दिले. छान दिसतो.

१४ जानेवारी
संक्रांत. गुळाच्या पोळ्या खाल्ल्यावर तुलनात्मक विचार होत नाही. सुट्टी.

१९ जानेवारी
अमीरच्या दुकानात गेलो. शाळेपासूनचा दोस्त, उदयसिंहचा अजून 'उद्या' करतो, स्टँडजवळ झेरॉक्स काढतो, चार प्रिंटर बाळगून आहे. सल्ला मागायला नव्हे, त्याचं ज्ञान तपासायला गेलो होतो. म्हणाला, "उद्या, तीनशेच लेबलं हायती न्हवं? अर्ध्या तासात काढून देतो. आन् घ्यायचाच आसंल तर इंक टँक घे, पर त्या हळदीच्या खोलीत ठिवू नगंस गड्या. धूळ बसली की हेड जातंय."
गिऱ्हाईक हातचं जातंय म्हणून घाबरलाय बिचारा. शिवाय हा अपमान आहे. आमच्या घरात धूळ नसते. हळद असते.

२७ जानेवारी, दुपारी
विश्रामबागच्या शोरूममध्ये दोन तास. ऑटो डुप्लेक्सबद्दल, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपोआप छापण्याबद्दल, विचारलं तेव्हा सेल्समन मला इंजिनियर समजला असावा. काय छापणार, असं त्यानं तीनदा विचारलं. गोपनीय आहे, म्हणालो. त्यानं नमुन्याचं पान काढून दिलं. त्यावर पोपट होता. अहाहा, काय तो हिरवा रंग! पण घाईत निर्णय घेणाऱ्यातला मी नव्हे.
घरी रेश्मानं विचारलं, प्रिंटर कुठाय? पोपट दाखवला. तिनं पान उलटून मागची बाजूही बघितली.

५ फेब्रुवारी
ही म्हणाली, "सोळा तारीख तुमच्यासाठी थांबनार हाय व्हय?" जेवताना ताट पुढं सरकवलं. नुसता भात वाढला, आमटी मी घेतली. तक्ता नव्वद टक्के पूर्ण आहे हे तिला कोणी सांगायचं?

१० फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस! प्रिंटर आला. तक्त्यात पहिला नंबर लेझरचा होता, पण शोरूममध्ये तो संपला होता. म्हणून सखोल विचाराअंती इंक टँक घेतला.
मागच्या खोलीत गिरणीशेजारी बसवला. एका बाजूला दळण, दुसऱ्या बाजूला छपाई. फौजेत याला सप्लाय लाइन म्हणतात. रेश्मा म्हणाली, "निदान एखादं फडकं तरी टाका वर." यंत्राला हवा लागते, हे बायकांना समजावणं अवघड आहे.

१२ फेब्रुवारी
पहिली प्रिंट. काय ते पिवळं! यूट्यूबवाले म्हणत होते, पिवळा रंग फिका येतो. इथं साधा पत्ता छापला तरी कागद सोनेरी होऊन बाहेर पडतो. पोपट स्कॅन करून छापला, तोही पिवळा आला. पिकलेला वाटतो, पण उठाव आहे.
आणखी एक नोंद : पन्नास पानं काढली, पण टाकीतली पिवळी शाई जराही उतरली नाही. कंपनीनं काय डोकं लावलंय!

१३ फेब्रुवारी
लेबलची रचना तयार. मध्यभागी माझा वर्दीतला फोटो, खाली 'संचालक : उदयसिंह, माजी सैनिक'. अगदी खाली, बारीक अक्षरात, 'सहकार्य : रेश्मा'.
ही म्हणाली, "हळद मी करायची आन् फोटू तुमचा? त्यो बी कावीळ झाल्यागत?"
कावीळ नव्हे, तेज आहे. तरी तिच्या नावाचा टाइप एक पॉइंट वाढवला. घरात शांतता महत्त्वाची.

१५ फेब्रुवारी, दुपारी ४
तीनशे लेबलं छापून, कापून, चिकटवून तयार. मागच्या खोलीत तीनशे मी. ऊर भरून आला. रेश्मानं एका पाकिटावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि निघून गेली. कौतुक करायची सवय नाही तिला.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
विश्रामबाग. क्रमानं लिहितो, म्हणजे मन थाऱ्यावर येईल.
मॅडम आल्या. शेजारच्या स्टॉलवर थालीपीठ खाल्लं, साबणानं हात धुतले आणि ओल्या हातानं आमचं पाकीट उचललं. बघता बघता माझा फोटो लालभडक झाला. आधी गाल, मग टोपी. मॅडमचा अंगठाही लाल. "शाई सुटतेय तुमची," म्हणाल्या आणि पाकीट खाली ठेवलं. मी प्रिंटरची वॉरंटी सांगायला लागलो. रेश्माचं तोंड उतरलेलं बघितलं आणि वॉरंटीचा कागद परत खिशात घातला. दोन वर्षांचे खेटे, आणि ते मी घालवले.
तिनं ते पाकीट उचललं, अंगठा त्यावर घासला, वास घेतला. मग म्हणाली, "मॅडम, शाई न्हवं ही. हळद हाय. आमच्या खोलीतली, कागदाला लागलेली. साबन लागला की खरी हळद लाल हुती, भेसळीचा रंग पिवळाच ऱ्हातो. आता पाकिटातली बघा." चिमूटभर हळद काढून त्यांच्या ओल्या हातावर चोळली. तीही लाल. गर्दी जमली. ज्याला त्याला साबण लावून बघायचा होता. दोनपर्यंत तीनशे पाकिटं गेली. मॅडमनी वर्षभराचा माल सांगितला.
जाताना त्यांनी विचारलं, लेबलवरचे हे गृहस्थ कोण? रेश्मा म्हणाली, "हायत आमचंच." त्यांना काढा, असं मॅडम म्हणाल्या.
एकंदरीत माझ्या लेबलमुळं ऑर्डर मिळाली, असं म्हणायला हरकत नाही.

१८ फेब्रुवारी
अमीरनं प्रिंटर उघडला. आतनं दोन चमचे हळद निघाली. रेश्मानं ती पुडीत बांधून ठेवली. अमीर म्हणाला, "उद्या, ह्यातनं काळी सोडली तर रंगीत शाईचा एक थेंब बी भाईर आला न्हाई रं. जे काय पिवळं छापलंस ती वहिनींची हळद हुती."
वाईट वाटलं. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं.
दुपारनंतर सावरलो. मूळ कल्पना तर माझीच : लेबलला खरी हळद!

२ मार्च, सकाळी ११
प्रिंटर अमीरच्या दुकानात आहे. साफ केल्यापासून तिथं पोपट हिरवा येतो म्हणे.
लेबलं आता अमीरच छापतो, नुसती काळी. वर मोठ्या अक्षरात 'रेश्माची हळद'. खाली एक रिकामा गोल, त्यात ओल्या हळदीचा ठसा. त्याखाली 'साबण लावा आणि खात्री करा'. ठशाचं काम संचालकांकडं, म्हणजे माझ्याकडं. ताटलीत बुडवायचा, गोलात टेकवायचा. सकाळपासून चारशे अंगठे उठवले. या पानावर सही करून बघितली, पण पेन धरलं की कागद पिवळा होतोय.
रेश्मा आत्ताच येऊन बघून गेली. म्हणाली, "ठसा तिरका पडतोय तुमचा. डाव्या हातानं बघा जरा."
संकल्प : उद्यापासून डावा.