वसंतात बुसानला जायचं ठरलंय

२१ डिसेंबर, रविवार
वही माझी, अक्षर काव्याचं. मला लिहिता येत नाही, वाचताही येत नाही. म्हणजे पुढं कधी ही वही उघडली तर वाचणारी पण काव्याच. तर वाचणारे बाई, आधी हे वाच. तू गॅसवर दूध ठेवतेस आणि ते उतू गेलं की शेजारची रंभाबाई येऊन तुला आठवण करून देते. कॉलेजला निघताना कॉलेजचीच बॅग विसरणारी मुलगी सोलापुरात दुसरी नसेल. म्हणून लिहून ठेवायचं. नंतर, अज्जी असं कुठं ठरलं होतं, म्हणायचं नाही.

लिहिलं का, विचारलं. लिहिलं म्हणते. तोंड वाकडं करून लिहिलं असणार.

ठरलंय ते असं. मृत्युंजय, काव्याचा थोरला भाऊ, कोरियात बुसान म्हणून गाव आहे तिथं जहाजाच्या कारखान्यात वेल्डर आहे. दर रविवारी सकाळी आमची पूजा व्हिडिओवर एकत्र होते. तो तिथं डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन बसतो, मी इथं. उजव्या हातानं पाणी, विभूती, बेल. बेल तिथं मिळत नाही म्हणून मी इथून दाखवते, तो मान हलवतो. पूजा झाली की डब्यातली, इथून नेलेली कडक भाकरी काढतो, एका हातात धरतो आणि दुसऱ्या हाताच्या बुक्कीनं फोडतो. कडाड. मला हसवायला. मग दुधात चुरून खातो.

आज फोडून झाल्यावर म्हणाला, वसंतात ये अज्जी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांवर पान नाही, नुसती फुलं. आणि खाली समुद्र. मी म्हणलं, येते. झालं. ठरलं.

२८ डिसेंबर, रविवार
संकल्प. एक, पासपोर्ट. दोन, रोज गच्चीवर चालायचं, गुडघ्याला विचारायचं नाही. तीन, तिथल्यासारखं दोन काड्यांनी जेवायला शिकायचं. अगरबत्तीच्या दोन काड्या घेऊन शेंगदाणा उचलला. पहिला दाणा कपाटाखाली गेला, तो अजून तिथंच आहे. पण हात बसला. मार्चपर्यंत भात उचलेन.

समुद्राची सवय व्हावी म्हणून सिद्धेश्वर तलावाच्या काठाला बसून आले. पाणी हललं नाही, मीही हलले नाही. समुद्राचं काही अवघड वाटत नाही.

७ जानेवारी, बुधवार
पासपोर्टच्या ऑफिसात जाऊन आलो. मशीनवर बोटं ठेवली, मशीनला दिसेनात. पोरगा म्हणाला, आजी, तुमच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. मी म्हणलं, साठ वर्षं भाकरी थापलीय, रेषा पिठात गेल्या. तो हसला आणि परत या म्हणाला. माझा मुलगा ईश्वरप्पा, या दोघा भावंडांचा बाप, बाहेर येऊन म्हणतो, अव्वा, होईल की. होणारच. रोज रात्री बोटांना खोबरेल लावणार. रेषा आत कुठंतरी असणार, जाणार कुठं.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजाची मिरवणूक बघायला उभे होतो, मी, ईश्वरप्पा, सून वैजयंती, काव्या. ईश्वरप्पाला फोन आला. ढोलात ऐकू येईना म्हणून शेजारच्या गल्लीत गेला. परत आला तो एका पायात चप्पल. दुसरी कुठंय, तर म्हणाला, गर्दीत गेली. गल्लीत गर्दी नव्हती.

फोन कुणाचा, तर टॉवेलच्या कारखान्यातला, म्हणजे तो सुपरवायझर आहे तिथला. यात्रेच्या दिवशी कारखाना बंद असतो. पण असेल एखादा फोन.

१८ जानेवारी, रविवार
पूजेला मृत्युंजय आला नाही. त्याच्या खोलीत राहणारा जोतिराम, मंगळवेढ्याचा, त्याचा फोन आला होता म्हणे. मृत्युंजयचा मोबाईल समुद्रात पडला. समुद्र म्हणल्यावर काहीतरी घेणारच. मोबाईलवर भागलं, बरं झालं.

मी एकटीनं पूजा केली. वैजयंतीनं आमटीत मीठ दोनदा घातलं. ईश्वरप्पानं तरी दोन वाट्या घेतल्या.

२५ जानेवारी, रविवार
आवाज आला, चेहरा नाही. जोतिरामच्या फोनवरून बोलला. हळू बोलत होता, झोपेतून उठल्यासारखा. शब्दांमध्ये जागा सोडत होता. तिथं थंडी लई असते, जीभ गारठत असेल.

मी तयारी सांगितली. शेंगदाणा आता उचलता येतो, फक्त तोंडापर्यंत येत नाही. तो हसला नाही. म्हणाला, छान. मृत्युंजय आणि छान. आजवर त्यानं माझ्या कशालाच छान म्हणलं नव्हतं. परदेशात माणूस सुधारतो.

१ फेब्रुवारी, रविवार
चेहरा दिसला. नवीन मोबाईल. खोली पण नवीन, कंपनीनं दिली. भिंती पांढऱ्या, पडदा हिरवट. पलंग असा की बटण दाबलं की डोक्याकडची बाजू आपोआप वर येते. मी दोनदा करून दाखवायला लावलं. रंभाबाईला पण बोलावून दाखवलं. ती बघत राहिली, मग चहा न घेताच गेली. जळली असणार. तिचा मुलगा पुण्यात असून साध्या पलंगावर झोपतो.

मध्येच एक बाई आली, पांढरे कपडे, त्याच्या कपाळाला हात लावून गेली. घरमालकीण असेल. मायाळू दिसली.

पूजा झाली म्हणाला, आधीच. पांघरूण गळ्यापर्यंत होतं. म्हणलं, पांघरूण काढ, गळ्यातलं लिंग तरी दाखव. तर नेटवर्क गेलं.

तिथं जाऊन मालकिणीला शेंगाचटणी द्यायची. काव्या, हे पण लिही. पेन का थांबलं? शाई संपली म्हणते. कालच नवीन आणलं होतं.

८ फेब्रुवारी, रविवार
ईश्वरप्पाचा पासपोर्ट आला. आठवड्यात. मी त्याच्या आधी महिनाभर रांगेत, माझा पत्ता नाही. विचारलं तर म्हणाला, तुझी बोटं, अव्वा. पण बरंच झालं. माझ्याबरोबर पिशव्या उचलायला कुणीतरी पाहिजेच होतं. मी काही न विचारता त्यानं स्वतःहून काढला, याला मुलगा म्हणतात.

फक्त एक कळेना. पासपोर्ट हातात घेऊन माणूस एवढा उदास कसा बसतो.

१५ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र
आज तो पूजा टाळू शकत नव्हता. व्हिडिओवर आला. कपाळाला विभूती, तीन पट्टे, व्यवस्थित. अंगावर शाल, उजव्या बाजूनं ओढून घेतलेली. बघून बरं वाटलं.

मग एक दिसलं. विभूतीचा पट्टा जिथून सुरू होतो तिथं दाट असतो, संपतो तिथं फिका. मी त्याला पाच वर्षांचा असल्यापासून बोटं धरून लावायला शिकवलंय. त्याचा पट्टा नेहमी त्याच्या डाव्या कानाकडून निघतो. आज उजवीकडून निघाला होता.

काव्याला विचारलं. म्हणाली, अज्जी, पुढचा कॅमेरा डावं उजवं उलटं दाखवतो. आरशासारखं. नवीन मोबाईलमध्ये असतंच ते.

असतं म्हणजे असतं. ती शिकलेली आहे. मोबाईलवाल्यांना एवढं पण नीट करता येऊ नये, आणि जहाजं बांधतात.

उपासाची भगर गिळवली नाही. पित्त असेल.

२२ फेब्रुवारी, रविवार
मृत्युंजयला म्हणलं, भाकरी फोड. कडाड ऐकून किती दिवस झाले. म्हणाला, शेजारी तक्रार करतात, आवाज होतो. म्हणलं, डब्यात किती उरल्यात. म्हणाला, आहेत. किती, तर आहेत तेवढ्याच आहेत.

म्हणजे महिन्याभरात एकही खाल्ली नाही. तिथलं जेवण आवडायला लागलं असणार. चांगलंय. मी गेले की तेच खाईन, काड्यांनी.

वसंताचं विचारलं. म्हणाला, अज्जी, या वर्षी फुलं कमी येतील म्हणे. पुढच्या वर्षी ये. मी म्हणलं, फुलं मोजायला येत नाही मी. तर त्यानं तोंड बाजूला केलं. तिकडे खिडकी असेल, समुद्र बघत असेल.

२ मार्च, सोमवार
वैजयंती स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते. सोमवार आहे. आमच्याकडे सोमवारी कांद्याला हात लावत नाहीत, लग्न होऊन आल्यापासून तिनं एकदाही लावला नाही. विळीवर दोडका होता.

सुनेचं डोकं दुखत असेल तर सासूनं बारकाईनं बघू नये.

गेल्या आठवड्यात माझी बॅग भरली. दोन इरकली साड्या, स्वेटर, विभूतीची डबी, अगरबत्तीच्या काड्या जेवणाच्या. बॅग दाराजवळ ठेवली. सकाळी बघते तर कुणीतरी पलंगाखाली सरकवली. मी परत दाराजवळ आणली. दुसऱ्या दिवशी परत पलंगाखाली. या घरात एकालाही बॅग कुठं ठेवायची कळत नाही.

८ मार्च, रविवार
मृत्युंजयच्या डाव्या गालावर डाग आहे. चार वर्षांचा असताना तव्यावरची भाकरी पळवायला गेला आणि तव्याची कड लागली. मी हळद लावली, तो रडला नाही, भाकरी सोडली नाही. हे इथं लिहून ठेवायचं कारण काही नाही. सहज आठवलं.

आज पूजेला तो बोलत असताना मी त्याचा गालच बघत होते. काव्यानं तीनदा विचारलं, अज्जी, काय बघतेस. म्हणलं, वजन कमी झालंय का बघते.

आजचा मजकूर एवढाच. बोटांना खोबरेल लावलं नाही.

१५ मार्च, रविवार
ऊन चढलंय. गच्चीवर चालले नाही. शेंगदाणे तसेच खाल्ले, हातानं.

ईश्वरप्पा फोनवर इंग्लिशमध्ये बोलत होता. त्याचं इंग्लिश म्हणजे यस आणि ओके. आज तेवढंच बोलला, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा
सकाळी कडुलिंब खाल्ला. मग ईश्वरप्पा बॅग भरायला बसला. त्याची बॅग. माझी पलंगाखाली. म्हणाला, अव्वा, कंपनीच्या कामासाठी आठवडाभर जाऊन येतो, तुझं पुढच्या खेपेला बघू. माझ्या पासपोर्टचे कागद साड्यांच्या खाली होते, जानेवारीपासून. कुणी परत गेलंच नव्हतं. तिकीट एकच होतं. पहिल्यापासून एकच असणार होतं.

मी त्याच्या समोर जमिनीवर बसले. म्हणलं, कॅमेरा उलटं दाखवतो म्हणे. मग गालावरचा डाग पण उलटायला पाहिजे. डाग जिथल्या तिथं आहे, डाव्या गालावर. गाल सुलटा आणि कपाळ तेवढं उलटं, असा कॅमेरा कुठं मिळतो, मला पण एक आण.

म्हणजे विभूती त्यानं डाव्या हातानं लावलीय. काव्या दाराला टेकली.

मी विचारलं, "उजवा हात कुठपर्यंत आहे?"

ईश्वरप्पा भरत असलेल्या बॅगेवरच बसला. म्हणाला, "कोपरापर्यंत, अव्वा."

लोखंडाचा पत्रा घसरला. संक्रांतीच्या दिवशी. मी नंदीध्वजाला खारीक-खोबरं वाहत होते तेव्हा. आता जखम भरलीय. नकली हाताचं माप घ्यायचं, घरच्या माणसाची सही लागते, म्हणून हा चाललाय. मृत्युंजयनंच सगळ्यांना शपथ घातली होती, अज्जीला सांगू नका, ती फुलं बघायला निघालीय.

मी रडले नाही. हे लिहिणारीनं रडून पान ओलं केलंय, ते माझं समजू नये.

बुसानला जायचं माझं राहिलं. राहिलं म्हणजे पुढच्या वसंतापर्यंत राहिलं. पुढच्या वर्षी फुलं जास्त येतील, तो म्हणालाच आहे. बोटांच्या रेषा तोवर येतील.

आता न्यायचं काय, ते लिही काव्या, आणि वाचणारे बाई, हे तरी विसरू नको, उद्या पहाटे तूच डबे भरणार आहेस. कडक भाकरी एका हातानं फुटते, पण चुरली जात नाही, चुरायला दोन हात लागतात. म्हणून त्याचा डबा तसाच पडून आहे. मी दुपारभर बसून भाकरीचा चुरा केलाय, बारीक नाही, दातात लागेल असा. तो पिशवीत नाही, डब्यात भरायचा. फिरकीचं झाकण नको, एका हातानं उघडत नाही. दाबून उघडतं ते झाकण. शेंगाचटणी कोरडी, तेल न घालता, तसल्याच डब्यात. मोठा चमचा ठेव, दांडा जाड असलेला. त्या पांढऱ्या कपड्यातल्या बाईला चटणीची वेगळी पुडी.

आणि सगळ्यात वर एक भाकरी अख्खी ठेव, कापडात गुंडाळून. ती ईश्वरप्पानं फोनसमोर धरायची. फोडायची मृत्युंजयनं, डाव्या बुक्कीनं. शेजारी तक्रार करू देत.