फलंदाजीचा क्रम आणि मी

२ जून, रविवार
कमिटीचा निरोप आला. यंदा जिल्ह्याची फायनल जिंकली नाही तर टीम मर्लकडे. एकोणीस वर्षं मॅनेजर आहे मी! मर्ल गुरांचं खाद्य विकतो. त्याला बेसबॉलमधलं काय कळतं, कप्पाळ?
संकल्प: नियमांचं पुस्तक, रोज दहा पानं.

५ जून
तीन पानं झाली. पुरेत. हत्यार सापडलं. पंचाकडे दिलेल्या यादीचा क्रम सोडून समोरचा कुणी फलंदाजीला आला, की आपण तक्रार करायची. ज्याची पाळी होती तो आउट! पंच स्वतःहून बोलत नाही. डोळस माणूस लागतो. बायकोला, आर्डिसला, सांगितलं. ती म्हणाली, आधी पोरांना कॅच घ्यायला शिकव.

१६ जून
सापडला! गाईंच्या धारा काढून उशिरा येणाऱ्या पोरांचे क्रम हमखास चुकतात, हा माझा शोध. सातव्याच्या जागी आठवा उभा. दोन बॉल हुकून दोन स्ट्राइक होताच मी ओरडत मैदानात. पंच म्हणाला, मॅनेजरसाहेब, घाई केलीत, त्याची खेळी संपू द्यायची होती. आता फक्त बरोबर माणूस येऊन पुढचं खेळणार. तो आला, आणि पहिलाच बॉल मक्याच्या शेतात. हरलो.
ते चौथ्या पानावर होतं. माझा काय दोष?

७ जुलै
पुन्हा सापडला. या वेळी तोंडातून ब्र काढला नाही. त्याच्या फटक्यावर दोन रन झाले, होऊ दिले. आरामात उठलो, टोपी नीट केली, पान शोधलं. तेवढ्यात आमच्या गॅरीने पुढच्या फलंदाजाला बॉल टाकला! पुढचा बॉल पडला की आधीची चूक माफ. पिचर आहे की गाढव? गॅरी म्हणाला, मग मला थांबवायचं होतंस ना. उद्धट. तरी कसेबसे जिंकलो. माझ्यामुळे.

२८ जुलै
सेमीफायनल जिंकलो. माझ्या मुलाला, टॉडला, मात्र महिनाभर एक हिट नाही. पोरगं धड जेवत नाही. मर्ल त्याला रोज गोठ्यामागे बॉल टाकून सराव देतो म्हणे. मुद्दाम.

४ ऑगस्ट, सकाळ
फायनल, आपल्याच मैदानावर. पंचाची यादी कालच शाईने लिहून दिली. आत्ता टॉडचा फोन. गाय व्यायली, उशीर होईल. आमच्या पोरांसाठी भिंतीवर लावलेल्या यादीत त्याला दोन जागा खाली सरकवला. किरकोळ बदल. पंचाला सांगू सावकाश.

४ ऑगस्ट, दुपार
शेवटची इनिंग, दोन आउट, एक रन मागे. टॉडने मारला. दोन रन! पोरांनी त्याला खांद्यावर घेतला. समोरच्या टीमचा म्हातारा मॅनेजर मात्र सावकाश पंचाकडे गेला. त्याला पहिल्या इनिंगपासून माहीत होतं. यादीप्रमाणे ती पाळी टॉडची नव्हतीच. ज्याची होती तो आउट. दोन्ही रन रद्द. तिसरा आउट, हरलो.
टॉड आला. वाटलं, शिव्या देईल. एवढंच म्हणाला, बाबा, मी मारला होता ना? आणि मर्लच्या गाडीत जाऊन बसला.
शाई वापरायला नको होती.

५ ऑगस्ट
टीम मर्लकडे गेली. आर्डिसने विचारलं, टॉडचा फटका कसा होता?
तो मारत होता तेव्हा मी पुस्तक वाचत होतो.