ठकीला ‘आजी गावाला गेली’ असं सांगू नये

मी, खाली सही करणारी, या गल्लीत ‘दातवाली’ म्हणून ओळखली जाणारी, धंदा कवळ्या बनवण्याचा, राहत्या घरी खिडकीजवळच्या खाटेवर बसून हे मृत्युपत्र सांगते आहे आणि वकीलबाई ते उतरवून घेत आहेत. आजार अंगभर पसरला आहे, पण डोकं शाबूत आहे. वकीलबाईंनी उलटसुलट प्रश्न विचारून त्याची खात्री करून घेतली. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरी कोणी येतच नाही.

१. हे घर आणि खालचं दुकान माझ्या स्वकष्टाचं असून ते माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावं. तो ते विकणारच आहे. माझी हरकत नाही. मोरीचा नळ उलटा फिरतो, एवढं घेणाऱ्याला आधी सांगावं.

२. बँकेतली ठेव माझी नात ठकी हिला द्यावी. ती सज्ञान होईपर्यंत व्यवहार तिच्या आईने पाहावा. सुनेचं आणि माझं पटलं नाही, पण व्यवहाराला ती चोख आहे, हे मी लिहून देते.

३. कवळीचं मेण कोरायच्या सुऱ्या, बर्नर आणि पॉलिशचं मशीन माझ्याकडे काम शिकलेल्या आणि आता स्वतःचं दुकान चालवणाऱ्या बाईंना द्यावं. मशीन सुरू होताना किंचाळतं. घाबरू नये, त्याचा स्वभावच तसा आहे.

४. माझ्या धाकट्या दिरांना काहीही देऊ नये. त्यांची कवळी मी फुकट करून दिली आणि ती परदेशातून मागवली असं ते गावभर सांगत फिरले. त्यांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा फळीवर आहे, तो हवा तर न्यावा.

५. दुकानातला पांढरा ससा खालच्या इस्त्रीवाल्या बाईंना द्यावा. तो कापूस नव्हे. हे कलम जरा लांबेल, वकीलबाईंनी कंटाळू नये.

कापूस हा ठकीचा ससा. सूनबाईंना घरात केस चालत नाहीत म्हणून तो माझ्या दुकानात राहायचा आणि ठकी शाळा सुटली की थेट इथे यायची. एके दिवशी ती यायच्या थोडं आधी तो मेला. मी त्याला झाकून ठेवू शकले असते. ठेवलं नाही. तिने हात लावला आणि विचारलं, “हा गार का लागतो?”

“मेला म्हणून.”

“उद्या उठेल?”

“नाही गं.”

“परवा?”

“परवाही नाही. कधीच नाही. त्याचं दुखणं संपलं, भूक संपली, सगळंच संपलं.”

ठकी दप्तरातून त्याच्यासाठी आणलेलं गाजर काढून म्हणाली, “मग हे मी खाऊ?” मी खा म्हटलं. रडत रडत तिने ते सगळं खाल्लं. मग आम्ही दोघींनी मागच्या परसात खड्डा केला. माती तिनेच लोटली.

संध्याकाळी सूनबाई तिला न्यायला आल्या आणि चिडल्या. “एवढ्याशा पोरीला काय काय सांगता तुम्ही, आई!” दुसऱ्या दिवशी मुलगा तसाच पांढरा ससा घेऊन आला. “बघ ठकी, कापूस उठला! नुसता झोपला होता.” ठकीने सशाचे कान उचलून पाहिले, डोळ्यांत पाहिलं. मग बापाला काही न विचारता माझ्याकडे वळली. “आजी, हा तोच आहे?”

मुलगा माझ्याकडे बघत होता. डोळ्यांनी विनवत होता म्हणा ना. मी म्हणाले, “नाही. हा दुसरा आहे.”

त्या दिवसापासून तिचं इथे येणं बंद झालं. ससा मात्र इथेच राहिला. बिचारा गुणी आहे, त्याचा यात काही दोष नाही.

६. पुढे मी आजारी पडले. मुलगा एकदा येऊन गेला. ठकीला आण म्हटलं, तर म्हणाला, “आई, तुझी ही अवस्था तिला बघवणार नाही. आजी गावाला गेली आहे, असं आम्ही तिला सांगितलंय.” मला गाव नाही. होतं ते हेच.

मागच्या आठवड्यात ठकी आईचा हात धरून या खिडकीखालून चालली होती. मी हाक मारली. आवाज नीट फुटला नाही, पण तिने वर पाहिलं. माझे केस गेले आहेत, गाल आत गेले आहेत. तिने विचारलं, “आई, ती कोण?” सूनबाई थबकल्या. त्यांनी मला ओळखलं होतं. “कुणाची तरी आजी असेल. चल.” आणि ठकी गेली. वळली नाही.

७. म्हणून माझी शेवटची इच्छा अशी: मी मेल्यावर ठकीला आणावं, माझा हात तिच्या हातात द्यावा आणि आजी मेली, असं सांगावं. रडली तर रडू द्यावं. गावाला गेलेलं माणूस परत येत नसेल, तर त्याला यावंसंच वाटत नाही, एवढाच अर्थ पोर काढील. मी तिला टाकून गेले असं तिला वाटू नये.

इथे वकीलबाईंनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, “आजी, मृत्युपत्र सगळं उरकल्यावर उघडतात. तोवर तुम्ही… म्हणजे, दाखवण्यासारखं काही उरणार नाही. मुलाशी आत्ताच बोला ना.”

मुलाशी बोलले आहे. तो ‘बघू’ म्हणाला. तो बघू म्हणाला की काय होतं, हे मला तो ठकीएवढा होता तेव्हापासून माहीत आहे.

वकीलबाईंनी विचारलं, “मग हे कलम काढू का?”

नको, राहू द्या, असं मी सांगितलं.

सही: दातवाली (अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझंच आहे)

साक्षीदार: १. वकीलबाईंचे कारकून. २. ड्रेसिंग करायला येणाऱ्या नर्सबाई. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: राहतं घर, वरची खोली. वार मंगळवार, तारीख शिक्क्यावर आहे तीच.