पडद्यावरचा हात

लंडनजवळ, २८ फेब्रुवारी १९३५

चि. एनिड, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जीव थाऱ्यावर नाही. बाबांच्या कबुतरांनी धुणं घाण केलं म्हणून आईने बोलणं टाकलं, इथवर ठीक. बाबा कुत्र्याला सांगतात की हिला म्हणावं मीठ दे, याचंही हसूच आलं. पण ईस्टरनंतर ती मावशीकडे मोरकमला कायमची जाणार म्हणते?

मी सेट उभारायला हातोडा मारतो त्या स्टुडिओतला सिनेमा पुढच्या शनिवारी तुमच्याकडे लागतोय. वात्रट शाळकरी पोरं आणि त्यांचे भांडकुदळ आईबाप. हेडमास्तरांच्या डोक्यावर पिठाची बादली पडते, तिची दोरी ओढताना वर-खाली दोन हात दिसतात, त्यातला एक माझा आहे. तोंड नाही, नुसता हात! दोघांना एकत्र ने.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा क्लेमदादा

बर्नली, ११ मार्च १९३५

ति. क्लेमदादास एनिडचा नमस्कार.

एकत्र कसली जातात! बाबा पुढच्या बाकावर, आई पार मागे, मी मध्ये. नेहमीप्रमाणे अर्ध्या सिनेमातच शिरलो. बादली पडली आणि आई उभीच राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली की वरचा हात माझ्या क्लेमचा! बाबा गर्रकन वळले. म्हणाले, अगं आंधळे, खालचा! ख्रिसमसपासूनचा हा पहिला शब्द, दादा. लोक शुक् शुक् करत होते, पण ऐकतंय कोण?

त्याच तिकिटावर पुढच्या खेळालाही आम्ही तसेच बसून राहिलो, या वेळी दोघं शेजारी शेजारी. तरी निकाल नाही. घरापर्यंत वाद, जेवताना वाद. कुत्रा बिचारा बेकार झाला. आई म्हणते, ज्याला पोटच्या पोराचा हात ओळखता येत नाही, त्याला एकटा टाकून जाऊ कशी? मावशीला नाही म्हणून कळवलंय. कोणता हात ते लगेच लिही, दोघं टपून बसलेत.

माया असू दे.
तुझी एनिड

लंडनजवळ, १४ मार्च १९३५

चि. एनिड, खूप खूप आशीर्वाद.

काल मीही सिनेमा पाहिला. माझी नखं हातोड्याने काळी पडलेली, म्हणून दिग्दर्शक साहेबांनी नंतर दुसऱ्याच पोरांचे हात घेऊन तो प्रसंग पुन्हा काढला म्हणे. त्यात माझा एकही नाही.

हे तुझ्यापाशीच ठेव. आईला सांग, वरचा. बाबांना सांग, खालचा. फक्त दोघांना एका वेळी सांगू नकोस.

तिघांनाही माझी आठवण राहू दे.
क्लेमदादा