अंतरपाट खाली आला तेव्हा

गुरुजी, मी अबुधाबीच्या पार पश्चिमेला रुवैसमध्ये एका इमारतीखाली गाडी लावून बसलोय. दुपारचे साडेतीन वाजलेत. वर चौथ्या मजल्यावर चारला बोलावलंय, आणि दुबईहून एवढी गाडी चालवत आल्यावर आता वर जायचा धीर होत नाही. बाहेर रिफायनरीच्या चिमण्या उन्हात हलल्यासारख्या दिसतात. एसी चालू ठेवून ऑर्डरच्या वहीत तुम्हाला लिहितोय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण तुम्ही शिकवलेल्या या फोटोच्या कामातलं मनातलं सांगावं असं दुसरं माणूस मला मिळालेलं नाही. सकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरात रामरक्षा म्हणताना दोनदा चुकलो. बायको म्हणाली, "काय झालंय?" मी म्हणालो, काही नाही.

गेली पाच-सहा वर्षं मी लग्नांचे फोटो काढायला आयर्लंडला जातो, हे ऐकून तुम्ही हसला असतात. इथल्या घरांतली मुलं तिकडे डॉक्टर, नर्स, कंप्युटरवाली होऊन गेली आणि लग्नंही तिकडेच करायला लागली. आईवडील मात्र फोटोवाला इथला नेतात, आधी कुणाच्या पाया पडायचं हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही असा. जुनी दगडी घरं, किल्ल्यासारखी हॉटेलं, पुढे तळं, मागे मेंढ्या. पाऊस दिवसातून चार वेळा. तिथला टॅक्सीवाला त्याला पाऊस म्हणतच नाही, "आजचा दिवस जरा मऊ आहे" म्हणतो. एकदा होम पेटला आणि धुराचा अलार्म वाजला. सगळं हॉटेल हिरवळीवर जमा, आणि भटजी, म्हणजे आठवडाभर सॉफ्टवेअर करणारे आणि शनिवार-रविवार भटजी असणारे गृहस्थ, आतून ओरडतायत, "अहो, निघालात कुठे? सप्तपदी राहिलीय!" हे मी घरी सांगतो तेव्हा मुलगी म्हणते, "बाबा, यू शुड डू अ पॉडकास्ट."

जूनमधल्या लग्नाचं मात्र मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. नवरी मुलगी इथलीच, रुवैसची. वडील रिफायनरीत. ती कॉर्कला डॉक्टर आहे, नवरा तिथलाच, आयरिश. लग्नाच्या तोंडावर तिच्या आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. मुलगी लग्न पुढे ढकलायला निघाली, तर आईनेच ऐकलं नाही. मुलीला हॉलमध्ये व्हिडिओवाला नको होता, पाहुण्यांचे फोनही नको होते. दाराशी वेताची टोपली ठेवून सगळ्यांचे फोन तिने त्यात टाकायला लावले आणि मला म्हणाली, "काका, सगळे स्क्रीनमध्येच बघत बसतात. आय वॉन्ट देम टू सी. फोटो फक्त तुम्ही." आईसाठी तेवढा एक लॅपटॉप लावला होता. त्या जाड दगडी भिंतींत नेट कसंबसं येत होतं, आणि ऐन मुहूर्तावर चित्र गोठलं. दुसऱ्या दिवशी आईचा मला फोन आला. म्हणाल्या, "माझ्याकडे तो अंतरपाट तसाच राहिला हो. खाली आलाच नाही. तुमचा फोटो आला की मी बघेन, तेवढाच बघायचाय मला."

तो फोटो माझ्याकडे नाही, गुरुजी.

झालं असं. मंगलाष्टका सुरू व्हायच्या आधी नवऱ्याची मावशी अक्षतांची वाटी घेऊन हॉलभर फिरत होती. उंच, पांढऱ्या केसांची, साडीच्या निऱ्या एका हातात धरलेली. फोटोवाल्याला अक्षता द्यायच्या नसतात हे तिला कोण सांगणार? तिने हसून माझ्या डाव्या हातात मूठभर ठेवल्या. खाली टाकाव्यात तर कुणाचे पाय पडतील, खिशात कोंबाव्यात तर तेही बरं वाटेना. मी मूठ मिटून, उजव्या हाताने कॅमेरा सांभाळत फोटो काढत राहिलो. सहा मंगलाष्टका झाल्या. शेवटचं 'सावधान' आलं आणि माझ्या हातून कॅमेरा छातीवर सुटला, डावा हात वर गेला. मी ठरवून काही केलं नाही. त्या मुलीच्या बाजूने सगळी मिळून अकरा माणसं होती, आई त्यांत नव्हती, आणि माझ्या ओठांवर "बाळ, सुखी राहा" असं काहीतरी होतं. अंतरपाट खाली आला. मी नुसता बघत उभा. कॅमेरा डोळ्याला लावला तोवर सगळ्यांचे हात हारांसाठी मध्ये आले होते.

तुमच्या पुतणीच्या लग्नात मी हेच केलं होतं. चोवीस वर्षांचा होतो, जुना कॅमेरा नुकता घेतला होता, छत्तीस फोटोंचा रोल पुरवून वापरत होतो. पंगती उठल्यावर तुम्ही मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलंत. "हात दाखव." तळव्याला पिवळे तांदूळ चिकटलेले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "अक्षता टाकायला चारशे माणसं होती. बघायला तुला ठेवला होता." दोन दिवस मी तुमच्या घराकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच बोलावलंत. काकूंनी दुपारची भांडी आवरून स्वयंपाकघर फोटो धुवायला आपल्या हवाली केलं, खिडकीला घोंगडी, लाल दिवा, आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये एकेक चेहरा वर येताना तुम्ही प्रत्येकाचं नातं मला विचारताय. "ही कोण? आणि ही तिची कोण? माहीत नसेल तर फोटो कशाचा काढलास?" तेव्हापासून पंचवीस वर्षांत मी कुणाच्या हातून अक्षता घेतल्या नाहीत.

पुण्याला माझे फोटो एडिट करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना अडचण सांगितली तर म्हणाले, "सर, टेन्शन काय घेताय? हळदीतला हसरा चेहरा उचलतो, मुंडावळ्या बांधतो, नथ घालतो. आईला काय कळणार?" दोन तासांत त्यांनी पाठवलाही. फार सुंदर झालाय. तो लॅपटॉपमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलाय. गेले तीन आठवडे मी तो उघडतो आणि बंद करतो. आज तो दाखवला तर त्या माउलीला समाधान मिळेल. नाही दाखवला, तर एका आजारी बाईच्या समोर बसून सांगावं लागेल की तुम्ही जन्मभर वाट पाहिलेला क्षण मी घालवला. चारला पाच कमी आहेत.

सव्वासहा झाले. खाली आलोय, अजून गाडी सुरू केलेली नाही.

मुलीची आई उंच पाठीच्या खुर्चीत कमरेला पट्टा बांधून बसल्या होत्या. यजमान म्हणाले, "या, या! चहा टाक गं. नाही, थांब, मीच टाकतो, हिला उठायला बंदी आहे आणि मला बसायला." ताईंनी लगेच हात पुढे केला, "आधी तो दाखवा. बाकीचे नंतर." माझं बोट त्या दुसऱ्या फोल्डरवर होतं. मग लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, "ताई, तो फोटो निघाला नाही." का, तेही सांगितलं. यजमान स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "म्हणजे? तिकीट काढून तुम्हाला एवढ्या लांब नेलं ते तांदूळ टाकायला?" ताई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही जा हो, दूध उतू जाईल." मग मला म्हणाल्या, "फोटो नाही तर नाही. तुम्ही समोर होतात ना? मग सांगा मला. सगळं सांगा."

मी सांगितलं. नथ जराशी वाकडी झाली होती. भुवईत एक तांदूळ अडकला होता. अंतरपाट गेल्यावर ती आधी हसली, मग खालचा ओठ दाताखाली धरला. "लहानपणापासून करते," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटूनच विचारलं, "आणि मग?" माझ्याकडचं संपलं होतं. तरी मी म्हणालो, "मग तिने एकदा दाराकडे बघितलं. कुणी यायचं राहिलंय असं." त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "मला वाटलंच," म्हणाल्या. यजमान चहाचा ट्रे घेऊन दारात तसेच उभे होते. चहा प्यायलो, अल्बमसाठी बाकीचे फोटो निवडले आणि निघालो.

तुमचा पत्ता असता तरी हे पत्र टाकलं नसतं, गुरुजी. तिने दाराकडे बघितलं नव्हतं. ती नवऱ्याकडेच बघत होती, बाकी कुणाची आठवण नसल्यासारखी, आणि तेच मला इतकं आवडलं होतं की कॅमेरा उचलायचं राहून गेलं.