टाकीतलं नितळ पाणी

३ मार्च, सकाळ
‘तू काळजी घ्यायला लागलीस की समोरचा दमतो.’ लेकीचे बाबा म्हणाले होते, एकोणीस वर्षांपूर्वी. त्यांच्या अंगात ताप होता आणि मी तिसऱ्यांदा चादर बदलत होते. आज का आठवलं कोण जाणे. तापात माणूस काहीही बरळतो.

लेक त्यांच्याकडे राहायला गेली त्याला दोन महिने झाले. तात्पुरती. तिची खाऱ्या पाण्याची टाकी इथेच, तिच्या खोलीत. दोन मासे आणि समुद्री शेवाळाची मूठभर जुडी. जाताना म्हणाली, लक्ष ठेव, पण फार नको. फार म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं. पंचवीसला येणार, मग कायमचं कुठे राहायचं ते ठरवणार.
संकल्प: तोवर टाकीत शेवाळाचं जंगल उभं करायचं.

५ मार्च
पाणी पिवळट वाटलं. निम्मं बदललं. मीठ मोजून घातलं. शेवाळ लगेच टवटवीत. निदान मला तरी तसं वाटलं.

८ मार्च
पुन्हा निम्मं. काचा घासल्या. तळाची वाळू काढून गाळण्यात धुतली. पाठ धरली आहे.

११ मार्च
घाणीचं मूळ सापडलं. मासे. खायचं आणि घाण करायची, दुसरा उद्योग नाही. दुकानात परत दिले. दुकानदार बराच वेळ बघत राहिला. कौतुकाने असावं.

१४ मार्च
शेवाळाची टोकं पांढरी. नवी पालवी असणार.
हातासरशी खोलीही आवरली. हात लावू नकोस म्हणाली होती, पण भिंतीवर नुसते चिठोरे फडफडत होते.

१७ मार्च
तिला टाकीचा फोटो पाठवला. तिने विचारलं, मासे कुठे आहेत. मी विषय बदलला. मग तिने विचारलं, मागची भिंत मोकळी का.

२० मार्च, संध्याकाळ
शेवाळ काचेसारखं पारदर्शक. बोट लावलं तर विरघळलं. पाणी दुधाळ. बाटलीत भरून दुकानात नेलं. पाणी कितीदा बदललंत, दुकानदाराने विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. त्याने बाटली खाली ठेवली.
“ताई, शेवाळ माशांच्या घाणीवर जगतं. तुम्ही त्याचं वाढलेलं ताट धुऊन ठेवत होतात.”
विक्रेते असंच बोलतात. येताना मीठ घेतलं.

२२ मार्च
सगळं पाणी बदललं. टाकी इतकी नितळ कधीच नव्हती. आत काही नाही, पण नितळ.

२५ मार्च
आली. खोलीच्या दारात उभी राहिली. भिंत बघितली, टाकी बघितली, काचेवर बोट टेकवलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
“आई, इथे मी कधी राहत होते असं वाटतच नाही.”
हिवाळ्याचेही कपडे बॅगेत भरले. ठेवलेलं पाणी न पिता गेली. पेला विसळला.

२६ मार्च
काचेवर तिच्या बोटाचा ठसा राहिला आहे. तेवढा ठेवायचा. फडकं दोनदा हातात घेतलं, दोनदा ठेवलं.

दुपारी
ठसा नाही. कधी पुसला ते आठवत नाही.

तिला मेसेज लिहिला आहे. नाही म्हणणार, ठाऊक आहे. तरी पाठवते:
एक आठवडा राहायला ये. हवा तेवढा पसारा कर. मी हात लावणार नाही.